छापील यादीत नसलेलं वारं

पिरंगुटच्या आमच्या कार्यालयात पिवळ्या कव्हरची एक पुस्तिका आहे. आरोग्य सर्वेक्षणाच्या कामावर नव्याने येणाऱ्याला ती पहिल्या दिवशी देतात. तिच्या शेवटी चार पानांची यादी आहे. गावात लोक कुठल्या दुखण्याला काय म्हणतात आणि दवाखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ काय, अशी. ती यादी मी केलेली आहे. पुस्तिकेत मात्र लिहिलंय, 'स्थानिक महिलांच्या सहकार्याने'. त्या स्थानिक महिला म्हणजे मी एकटी.

हे मी अनेकांना सांगितलंय आणि पुढेही सांगणार आहे.

माझ्या सासरचा धंदा बांगड्यांचा. पौडच्या बाजारात छोटं दुकान होतं. नवरा गेल्यावर दुकान दिरांकडे राहिलं आणि माझ्या वाट्याला पेटी आली. ती डोक्यावर घेऊन मी बारा वर्षं मुळशीतली गावं फिरले. बांगड्या भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो. हात सुजलाय का, मनगट वाळलंय का, पोळलंय का, नख पांढरं पडलंय का, सगळं बोटांना कळतं. आणि हात दुसऱ्याच्या हातात असला की बाई बोलते. नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, ते मण्यारणीला सांगते. मीही ऐकून घ्यायचे, कारण बोलणारी बाई एका डझनाला येते आणि दोन डझन घेते. यात पुण्यकर्म काही नव्हतं.

मग लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं आली, हिंजवडीच्या अंगाला इमारती आल्या, मारुंजीत दारोदार फिरणाऱ्याला रखवालदार अडवायला लागले. बांगड्यांचा धंदा बसला. त्याच सुमाराला गावात रक्तदाबाचा अभ्यास करणारे लोक आले. गळ्यात ओळखपत्रं, हातात फॉर्म. त्यांना कुणी दार उघडेना. कर्जवाले समजून बायका आतून कड्या लावायच्या. त्यांच्या साहेबांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. घरं दाखवायला मला घेतलं. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी तासभर घासाघीस केली आणि शेवटी उन्हाची टोपीसुद्धा मागून घेतली. पुढे मुलीच्या पुस्तकांवर मी बाहेरून दहावी केली, घरं दाखवता दाखवता फॉर्म भरायला लागले, नंतर दुसऱ्यांचे फॉर्म तपासायला लागले. आता माझ्या ओळखपत्रावर 'क्षेत्र पर्यवेक्षक' आहे.

शब्द मी वहीत लिहायचे. फॉर्ममध्ये विचारायचे 'चक्कर येते का', बाई म्हणायची 'न्हाई, घेरी येती'. फॉर्म भरणारा 'नाही' लिहून मोकळा. असं दिसलं की मी लिहून ठेवायचे. साहेबांनी एकदा ती वही बघितली, दोन दिवसांसाठी म्हणून नेली आणि चार महिन्यांनी तिची पिवळी पुस्तिका झाली. प्रकाशनाला मला बोलावलं होतं. शिरा होता, उपमा होता. घेरीचा अर्थ त्यांनी 'बेशुद्धी' असा छापला होता. त्या वर्षी आमच्या कागदावर निम्मं गाव बेशुद्ध पडलेलं दिसत होतं. मी चूक दाखवली तर साहेब म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू."

"आणि नाव?"

"तेही पुढच्या आवृत्तीत बघू, भाभी."

साहेब डॉक्टर आहेत, माणूस वाईट नाही. काम असलं की ते मला भाभी म्हणतात आणि नसलं की पर्यवेक्षक बाई.

त्यानंतर मी दुसरी वही केली. ती कुणालाही दाखवली नाही.

यंदा नवीन अभ्यास आला. अर्धांगवायूचा. कुणाला झटका येतो, आधी काय लक्षणं दिसतात, लोक दवाखान्यात कधी पोचतात, हे घरोघरी जाऊन विचारायचं. सहा जण नवीन घेतले आणि साहेबांनी मला सांगितलं, यांना तयार करा. मी म्हटलं, करते, पण मग माझ्या पत्रावर 'प्रशिक्षक' लिहा आणि यादीवर माझं नाव घाला. दोनच मागण्या.

"पगारात फार फरक नाही पडत त्याने," साहेब म्हणाले.

"मग घालायला काय हरकत आहे?"

"पद तयार करावं लागतं. वर विचारावं लागतं."

"मग वर विचारून या. तोवर मी पुस्तिकेत छापलंय तेवढंच शिकवीन."

साहेबांना वाटलं मी विनोद केला. ते हसले. मीही हसले, पण मी बोलले तसंच केलं.

सहा जण चांगले होते. चांगलेच म्हणायला हवेत, कारण पहिल्या आठवड्यात मी त्यांना बरंच राबवलं. प्रश्न जसा लिहिलाय तसा वाचायचा. उत्तर ऐकून तोंड वाकडं करायचं नाही. 'तंबाखू खात नाही ना?' असं विचारायचं नाही, त्यात उत्तर आधीच आलं. संमतीचा कागद पूर्ण वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायची घाई करायची नाही. नाही म्हणाला तर नमस्कार करून उठायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात जाऊन उभं राहायचं नाही. दारातून विचारायचं नाही, खाली बसायचं, आणि बसायला खुर्ची दिली तरी बाई जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर. हे सगळं मी मन लावून शिकवलं. शब्द मात्र छापील यादीतले, चार पानं. पाचवं पान माझ्याकडे होतं, ते मी ठेवून घेतलं.

सहांत एक चष्मेवाली होती. पुण्यातच वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आलेली. तिच्या वडिलांना हे काम पसंत नव्हतं. एवढं शिकून दारोदार फिरणार का, असं ते म्हणत. एक महिना जाऊन बघते, असं सांगून ती आली होती. आणि आमच्याकडे पहिला महिना परीक्षेचाच असतो. त्या महिन्यात धोक्याचं लक्षण हातून सुटलं तर माणूस कमी करतात. हा नियम मला माहीत होता आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. ती रोज रात्री पुस्तिका पाठ करायची. घेरी, कळ, चमक, मुंग्या. पाठ केलेलं मला म्हणून दाखवायची. एकदा तिने विचारलं, "भाभी, अजून काही शब्द असतील ना?"

"छापलंय तेवढं पुरे आहे," मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही लवळ्याच्या पायथ्याच्या वस्तीत होतो. सकाळी सगळे आपापल्या घरांना जायचे आणि दुपारी अडीचला कॉलेजच्या फाट्यावरच्या कॅन्टीनमध्ये जमायचे. ते वडापाव खायचे आणि मी एकेकाचा टॅब घेऊन सकाळचे फॉर्म तपासायचे. त्या दिवशी चष्मेवालीचे चार फॉर्म होते. तिसरा उघडला. बाई, वय बावन्न. 'गेल्या बारा महिन्यांत शरीराची एक बाजू अचानक कमजोर किंवा बधिर झाली होती का?' उत्तर, नाही. खाली शेऱ्याच्या रकान्यात तिने स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: 'परवा सकाळी अंगावरून वारे गेल्याची तक्रार. थंड हवेचा त्रास असावा. गरम कपडे वापरण्यास सांगितले.'

मी ते दोनदा वाचलं.

अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांत दुसरा शब्दच नाही. मला तो फार वर्षांपूर्वी घोटवड्याकडच्या एका बाईने सांगितला होता. मी तिच्या डाव्या हातात बांगडी चढवत होते, बांगडी लहान होती, मी जोर लावला आणि विचारलं, दुखतं का. ती म्हणाली, जोर लाव की, त्या हाताला काय कळत न्हाई, वारं गेलंय. माझ्या दुसऱ्या वहीत हा शब्द पहिल्या पानावर आहे.

"ही बाई नेमकं काय म्हणाली तुला?" मी चष्मेवालीला विचारलं.

तिने वडापाव खाली ठेवला. "म्हणाल्या, परवा वारं गेलं जरासं अंगावरून, पण उतरलं लगेच. भाकरी करताना. मी विचारलं, एक बाजू कमजोर झाली होती का? तर म्हणाल्या, न्हाई न्हाई, वारंच व्हतं. चुकलं का काही?"

"पंखा लावून बसली होती का ती?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिला झटका येऊन गेला," मी म्हटलं. आवाज चढला होता, शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. "परवा. आणि तू तिला स्वेटर घालायला सांगून आलीस."

तिचा चेहरा असा झाला की पुढचं मी बोलले नाही. बोलायचं खूप होतं, पण ते तिला बोलून उपयोग नव्हता. लहान झटका येऊन उतरला की मोठा केव्हाही येतो, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आहे. तिला ते तोंडपाठ होतं. तिला एक शब्द कमी पडला, आणि तो कुणाकडे होता हे कॅन्टीनमध्ये फक्त मला माहीत होतं.

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी निघाले.

त्या बाईला मी ओळखत होते. अक्का म्हणायचो तिला. कॉलेजच्या एका मेसला ती भाकऱ्या पुरवते. रोज संध्याकाळी सहाला टेंपो येतो आणि भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन टेकडी चढतो. आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजले होते. अक्का परातीत पीठ मळत होती, उजव्या हाताने. डावा हात मांडीवर होता.

"भाभी! किती वर्सांनी," ती म्हणाली. "बांगड्या इकायच्या सोडल्या म्हन तू. आन् ही पोरगी सकाळीच येऊन गेली की. लई गोड बोलती. मला म्हनली, मावशी, सेटर घाला."

चष्मेवाली खाली बघत होती.

"अक्का, परवा काय झालं ते मला सांग," मी तिच्या शेजारी बसत म्हटलं.

"काय न्हाई गं. भाकर थापत व्हते, ती हातातनं गळाली. उचलाया गेले तर हातच उठंना. त्वांड बी वाकडं झालं म्हनं, जाऊ म्हनती. मला कुटं दिसतंय? घटकाभर पडले, उतरलं."

"उतरलं न्हाई वो पुरतं," चुलीपाशी बसलेली धाकटी जाऊ म्हणाली. "बोलताना जीभ जड हुती बघा अजून."

"तू गप. हिची जीभ कदीच जड व्हत न्हाई."

मी अक्काचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, दाब. उजवीकडे तिने माझी बोटं चिरडली. डावीकडे नुसती बोटं ठेवल्यासारखं वाटलं.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"आत्ता? येडी का खुळी तू? सहाला टेंपो येतोय. निम्म्या भाकरी बी झाल्या न्हाईत. उद्या सकाळी जाईन."

"सकाळपर्यंत मोठं वारं आलं तर?"

"आलं तर आलं. आन् आज भाकरी न्हाई गेल्या तर मेसवाला उद्या दुसरी बाई धरंल, ते? ती खालच्या आळीतली टपूनच बसलीया. वारं येईल का न्हाई कुनाला ठावं. ती मातुर येनार."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही धंदा केलाय. अशा वेळी माणसाला जिवाची भीती घालून उपयोग होत नाही, त्याला सौदा द्यावा लागतो. मी मेसवाल्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. आज निम्म्या भाकऱ्या मिळतील, उरलेल्यांच्या जागी भात वाढा, उद्यापासून पूर्ण, आणि आठ दिवस तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. तो म्हणाला, असं कसं चालेल, पोरं ओरडतात. मी म्हटलं, पोरांना सांगा, भाकरी करणारी बाई दवाखान्यात गेलीय, आणि कोण ओरडतं ते मला कळवा. तो म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, आरोग्य विभाग. ते खरं नव्हतं. आम्ही आरोग्याचा अभ्यास करणारे, विभागाचे नव्हे, आणि नवीन लोकांना मी पहिल्याच दिवशी बजावते की स्वतःला सरकारी म्हणवून घ्यायचं नाही. चष्मेवालीने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मेसवाला आठ दिवसांना कबूल झाला.

"आठ दिवस तुझी जागा कुणाला देत नाही तो," मी अक्काला म्हटलं. "जाऊ करील. आता ऊठ."

"हिच्या भाकरी? ह्या कडंला जाड, मदी पातळ."

"मंग बसा हितंच वाकड्या तोंडानं," जाऊ म्हणाली. "जाड तर जाड. मी करते. जावा तुमी."

"आन् टोपल्या कोन भरील? मोजून द्याव्या लागत्यात."

"मी," चष्मेवाली म्हणाली. तिथे आल्यापासून तिचा हा पहिला शब्द. "मी मोजून भरते. मी थांबते."

अक्काने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हात धू आदी," ती म्हणाली आणि उठली.

फाट्यावरून रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने जे भाडं सांगितलं ते ऐकून मी त्याच्याशी भांडायला लागले. अक्का तोवर आत बसली होती. ती डोकं बाहेर काढून म्हणाली, "मी मरायला टेकले तरी ही भाव करंल बघा." रिक्षावाला हसला आणि माझ्या भाड्याला तयार झाला.

सरकारी दवाखान्यात तिचा दाब बघितला आणि डॉक्टरीणबाई तडक उठल्या. लहान झटका आहे, मोठा यायच्या आत आणलंत, आता शहरात नेऊन डोक्याचा फोटो काढायला हवा, असं म्हणाल्या. तिथूनच रुग्णवाहिका मिळाली. अक्काचा मुलगा हिंजवडीला कामाला, तो परस्पर तिकडे आला. चार दिवस ती आत होती. बरी होऊन घरी आली. डाव्या हाताला जोर कमी आहे, गोळ्या चालू आहेत. मेसवाल्याने आठ दिवस जागा ठेवली आणि नवव्या दिवशी निम्मं काम खालच्या आळीतल्या बाईला दिलं. अक्का आता मला भेटली की आधी त्यावरून बोलते आणि मग तब्येतीचं सांगते.

माझ्यासमोर मात्र दुसरी गोष्ट उभी होती. लक्षण सुटलं की आमच्याकडे एक अहवाल भरावा लागतो. काय झालं, कधी कळलं, काय केलं, आणि कारण. तो पर्यवेक्षकाने भरायचा आणि साहेबांनी सही करायची. चष्मेवालीने दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"द्यावंच लागेल ना. नियम आहे. बाबांना रात्री सांगितलं मी."

"काय म्हणाले?"

"काही नाही. बरं म्हणाले." टेबलावरचं ओळखपत्र सरळ करत ती म्हणाली, "ते बरं म्हणाले ना, त्याचंच वाईट वाटलं."

"उचल ते आणि कामाला जा," मी म्हटलं. "अजून मी काही लिहिलेलं नाही."

खरं सांगायचं तर मी विचार करत होते. तिचं नाव लिहिलं असतं तर कुणी मला काही विचारलं नसतं. शब्द यादीत नव्हता, माझ्यावर यादीबाहेरचं शिकवायची जबाबदारी नव्हती, आणि यादी अपुरी आहे हे तर मी कधीपासून ओरडत होते. उलट माझी बाजू जड झाली असती. बघा, माझी वही घेतली असती तर हे झालं नसतं, असं मला साहेबांना सुनावता आलं असतं. दिवसभर मी हे मनात घोळवलं. त्यात कुठेही खोट नव्हती. फक्त ती मुलगी 'अजून काही शब्द असतील ना' म्हणून विचारायला आली होती आणि मी नाही म्हटलं होतं, एवढंच त्यात बसत नव्हतं.

संध्याकाळी साहेबांसमोर बसले.

"कारण काय लिहिताय?" साहेबांनी विचारलं. "नवीन कर्मचाऱ्याची चूक, बरोबर?"

"प्रशिक्षणातली चूक. शब्द शिकवला नव्हता."

"यादीत नव्हता तो."

"मला माहीत होता."

साहेबांनी चष्मा काढला. "माहीत होता, मग शिकवला का नाही?"

"तुम्ही नाव घातलं नाही म्हणून."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "एक बाई मेली असती, भाभी."

"मेली असती. म्हणूनच लिहा म्हणतेय."

"हे असं लिहिलं तर वर जाईल. मी तुमचं प्रशिक्षकाचं पत्र टाकलंय वर, माहितीय? याच आठवड्यात येणार होतं."

माझं डोकं फिरलं. "टाकलं होतं? मग मला सांगितलं का नाही? तीन आठवडे मी रोज तोंडासमोर बसतेय तुमच्या!"

"होईपर्यंत सांगायचं नाही म्हटलं. तुम्ही मग तारीख विचारत बसता."

"विचारणारच. तारीख नसलेल्या कबुलीला काय अर्थ असतो?"

"ओरडू नका. आता पत्र थांबेल. ज्याने प्रशिक्षणात चूक केली त्याला प्रशिक्षक कसं करणार? वरचे मला विचारतील." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "नियमाप्रमाणे जायचं तर मुलीचं नाव लिहा. तिला दुसरीकडे काम मिळेल. शिकलेली आहे."

"शिकलेली आहे म्हणून तिला काढायची, आणि मी शिकलेली नाही म्हणून माझं नाव घालायचं नाही. चांगला हिशेब आहे तुमचा."

"भाभी, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"मला भाभी म्हणू नका आत्ता," मी म्हटलं आणि लिहिलं. अक्षर माझं वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं. 'कारण: गावातला शब्द पर्यवेक्षकाला माहीत होता, नवीन कर्मचाऱ्यांना सांगितला नाही.' खाली सही केली. साहेबांनी वाचलं आणि 'सांगितला नाही' याच्या जागी 'सांगायचा राहून गेला' असं करू या का, म्हणून विचारलं. ते मला सांभाळून घेत होते, हे कळत होतं. पण राहून गेला नव्हता. मी म्हटलं, नको, आहे तसंच राहू दे, आणि मुलीला काढायचं नाही, एवढं कागदावर द्या. त्यांनी तेवढं लिहून दिलं.

"आणि यादीवर माझं नाव," मी म्हटलं.

"हे सगळं झाल्यावर? आता ते कसं मागता तुम्ही?"

"चूक माझी लिहिली ना नावानिशी? मग शब्दही नावानिशी लिहा. दोन्ही एकाच बाईचे आहेत."

साहेबांनी पेन उचललं. कागदावर सही केली आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी सहाही जणांना वह्या काढायला लावल्या आणि दुसऱ्या वहीतले शब्द सांगायला सुरुवात केली. तीन दुपारी लागल्या. कार्यालयाला मी झेरॉक्स दिली नाही. शिकवणं माझं काम आहे, ते मी केलं. छापायचं असेल तर त्यांनी माझ्याकडे यावं. तिसऱ्या दुपारी चष्मेवाली म्हणाली, "भाभी, प्रत्येक शब्द तुम्हाला कुठल्या बाईने सांगितला, ते नाही लिहून ठेवलंत?"

"नाही. शब्दच महत्त्वाचा असतो," मी खेकसले.

ती पुढचा शब्द लिहायला लागली. मी पण पुढचा सांगितला, पण माझं लक्ष उडालं होतं. घोटवड्याकडची ती बाई आठवते, तिचा हात आठवतो, बांगड्यांचा हिरवा रंग आठवतो. नाव मी कधी विचारलं नव्हतं. आता जिथे आठवतं तिथे मी शब्दापुढे गाव आणि घर लिहिते. फार ठिकाणी आठवत नाही.

चष्मेवालीचा महिना पूर्ण झाला. तिला पुढच्या वर्षाचं पत्र मिळालं. माझं पत्र अजून आलेलं नाही. दर सोमवारी मी साहेबांना विचारते आणि दर सोमवारी ते म्हणतात, वर आहे. मागच्या सोमवारी मी विचारलं, वर म्हणजे नेमकं कुठल्या मजल्यावर, पत्ता द्या, मी जाऊन बसते तिथे. साहेबांनी अजून पत्ता दिलेला नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत.